मधलं गवत

शिवडीच्या मैदानावर बावीस वर्षं पाणी मारतोय मी.
माळ्याला खेळ काय कळणार,
असं सगळे धरून चालतात. चालू दे.
कोण कसं खेळलं
ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन सांगते.

मिस्किटा सर होते तेव्हा
मधलं वर्तुळ टकलासारखं चमकायचं,
आणि कोपऱ्यांत दूर्वा एवढ्या
की गणपतीला आख्ख्या गल्लीला पुरतील.
कारण बॉल कोपऱ्यात जायचाच नाही,
मुनाफकडे जायचा.
गोलीकडून मुनाफ, तिथून डावीकडे, परत मुनाफ,
जशी चाळीतली प्रत्येक तक्रार
फिरून फिरून एकाच दारात येते.

मुनाफ पळायचा नाही.
दारूखान्यात भंगार तोलणाऱ्यासारखा
बॉल पायाखाली घ्यायचा,
एकदा डाव्या खांद्यावरून बघायचा, एकदा उजव्या,
मग द्यायचा. वजन बरोबर.
लोक ओरडायचे, "अरे पुढे मार ना!"
तो मागे द्यायचा.
मलाही राग यायचा, खोटं कशाला बोलू.

आदल्या दिवशी पाचला सर यायचे, खिशात हात घालून.
"मधे बारीक काप. सामन्याआधी पाणी मार.
बॉल घसरला पाहिजे, उडायला नको."
एवढाच त्यांचा फळा.

सर वसईला मुलीकडे राहायला गेले. टिपरे आले.
त्यांना कोळीवाड्यातली दोन पोरं मिळाली होती, हेरंब आणि रॉयस्टन,
कुत्रं मागे लागल्यासारखी पळणारी.
टिपरे म्हणाले, "वारा सुटलाय, पतंग हातात आहे,
आता मांजा घोटत बसायचं का?"
आणि मला म्हणाले,
"कोपऱ्यांत वाढू द्या.
लांब मारलेला बॉल तिथे अडकला पाहिजे, रेषेबाहेर जाता कामा नये.
मधलं राहू दे तसंच."

राहू दिलं.
दिवाळीपर्यंत वर्तुळ हिरवंगार,
बावीस वर्षांत पहिल्यांदा. दिसायचं छान.
सातपैकी सहा सामने जिंकलो.
बॉल डोक्यावरून जायचा
आणि मुनाफ मान वर करून बघायचा, विमान बघावं तसा.
पुढे पुढे बाकावरूनच. चौतीस वय, गुडघ्याला पट्टा.

टिपरे चुकले असं नाही म्हणणार मी.
घरात जे होतं त्याचीच त्यांनी भाजी केली.
फक्त गवताला कळलं होतं
की आता आमच्याकडे मधे कुणी राहत नाही.

शेवटचा सामना कस्टमवाल्यांशी.
पहाटे मशीन काढलं, का ते विचारू नका,
आणि वर्तुळापासून डावीकडे
चार पट्टे बारीक कापले. पाणी मारलं.

दुपारी एक गोल मागे.
त्यांचा ताडमाड बचावपटू
आमचा प्रत्येक लांब बॉल
डोक्याने परत पाठवत होता, पत्ता चुकलेल्या पत्रासारखा.
वीस मिनिटं उरली तेव्हा टिपरेंनी मुनाफला उठवलं.

तो आत गेला. बुटाची नाडी बांधायला वाकला,
पण हात नाडीला लावला नाही,
गवतावर ठेवला.
मग माझ्या पंपाच्या खोलीकडे बघितलं.

पुढचं सगळं त्या चार पट्ट्यांवर झालं.
डावा खांदा, उजवा खांदा. मागे. परत आडवा.
ताडमाड गडी एक पाऊल पुढे आला, मग दुसरं,
आणि त्याच्या पाठीमागे जी जागा उघडली
तिथून बॉल गेला, जमिनीला धरून,
हेरंबच्या पायात.

एक-एक. जिंकलो नाही.

लोक पांगल्यावर टिपरे तिथे जाऊन उभे राहिले.
बुटाच्या टोकाने जमीन घासून बघितली.
"कुणी सांगितलं होतं?"
मी पाइप गुंडाळत राहिलो.
बराच वेळ ते तिथेच.
"पुढच्या वेळी," म्हणाले,
"उजवीकडेही चार घ्या.
पण मला विचारून."